मामा कुणाचा?

माकणीच्या कोंडाबाईचं एक पक्कं होतं. गोष्ट सांगायची ती दिवेलागण झाल्यावरच. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मेंढरं वळता वळता बाई म्हातारी झाली, पण भर उन्हात 'एक होता राजा' एवढंही कधी तिच्या तोंडून निघालं नाही.

त्या दुपारी मात्र लेकीची लेक निकिता मोबाइल पुढं धरून हट्टाला पेटली. ती पुस्तक लिहीत होती, तेही आजीच्याच गोष्टीवर. गावची नदी तेरणामाय रुसून पाताळात जाते आणि तिला परत आणायला एक लंगडा लांडगा अन् एक आंधळं कोकरू जोडीनं निघतात. पोरीला शेवट तेवढा आठवेना. आणि धनाजी, म्हणजे कोंडाबाईचा लेक, मुरुमच्या बाजारातून परतला की तिला लगेच पुण्याच्या गाडीवर सोडणार होता.

कोंडाबाईनं डोकं खाजवलं. "माझं मामा तर कवाच देवाघरी गेलं. आता कोन चुकतंय वाट? सांगते, बस."

सांगितली. तेरणामाय वर येते. कोकरू पाण्याच्या आवाजावर घरी पोचतं. त्याला वाट दाखवणारा लांडगा मात्र पाताळातच वाट चुकतो, तो काही परत येत नाही.

निकितानं डोळे पुसले. "काय शेवट आहे, आजी! मामा आला की त्यालाही ऐकवते."

कोंडाबाई ताडकन उठली. मामा? हिचा मामा म्हणजे आपलाच धनाजी की!

"आगं बया! सांगणारीचा मामा वाट चुकतोय का ऐकणारीचा?"

निकिताला काय ठाऊक! शेजारच्या दैवशालेला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्यात तर दोघींचाबी म्हनत्यात." घ्या, झालं समाधान!

दिवस कलला. धनाजीचा पत्ता नाही, फोनही लागेना. म्हातारीला काही सुचेना. चहा ठेवला, तो उतू गेला. निकितावर डाफरली, मग तिलाच पोटाशी धरलं. एकुलता एक लेक, आणि आपल्याच जिभेनं त्याला आडवाटेला लावला! मग एकदम म्हणाली, "काढ त्यो मोबाइल. शेवट चुकला माझा. कोकरू वर थांबून वरडत ऱ्हातं. त्या आवाजावर लांडगाबी येतो. लंगडत येतो, पर घरी येतो!"

थोड्या वेळानं दारात धनाजीचा टेम्पो थांबला. "लई वैताग झाला आये. रोजची वाट, पर कुठं वळलो कळलंच न्हाय. भलत्याच वस्तीवर जाऊन निघालो."

कोंडाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

निकिताचा आता पुरता गोंधळ उडाला होता. "आजी, मग पुस्तकात कुठला शेवट लिहू? खरा पहिलाच ना?"

"खरा पयलाच. पर लिव दुसरा."

"का?"

"लोक पुस्तकं दिवसा वाचत्यात, बाई. त्यास्नीबी मामा असत्यातच की."