ऐकणाऱ्यांचा आवाज जपणारे धनवडे सर

धनवडे सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि घरात संध्याकाळ चालू होती.

शुक्रवार पेठेतलं तळमजल्याचं घर. बाहेर रविवारचं लख्ख ऊन. आत मात्र खिडक्यांना काळं कापड, कोपऱ्यात तेवती समई, आणि मांडलेल्या खुर्च्यांतून तीन माणसं गप्प बसलेली. मला वाटलं, घरात काही वाईट झालं आहे. पाऊल मागं घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून माई, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बसा की, पावणं. ती खिडकीजवळची खुर्ची तुमचीच हाय."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. कबनूरच्या एका माग-शेडमध्ये जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शिक्षण दहावी नापास. जुन्या बाजारात सरोदवादनाची एक रेकॉर्ड घेतली होती, राग श्री, निळं कव्हर. पण ती वाजवायला घरी काही नव्हतं. कुणीतरी सांगितलं, कोल्हापुरात एक ड्रॉइंगचे सर आहेत, ते रविवारी माणसं जमवून रेकॉर्डी ऐकवतात. म्हणून गेलो होतो. खुर्ची माझीच आहे हे ऐकून बरं वाटलं. माई मायाळू आहेत, असं मनात म्हटलं आणि विसरून गेलो.

काळ्या कापडाचा खुलासा सरांनी नंतर केला. सवड रविवारी सकाळीच मिळायची आणि आवडीचे निम्मे राग संध्याकाळचे. "राग आपल्यासाठी वेळ बदलणार न्हाय. मग आपण घर बदलायचं," असं सर म्हणाले. ज्या दिवशी तोडी असेल त्या दिवशी खिडक्या उघड्या. मारवा किंवा श्री असेल तर दहा वाजता दिवेलागण. गेली पंचवीस वर्षं मी हे पाहतो आहे, तरी आतल्या अंधारातून बाराच्या उन्हात पाऊल टाकताना आजही क्षणभर कळत नाही, की आपण कुठल्या दिवसात आलो.

त्या दिवशी दुसरी एक गोष्ट नजरेत भरली. छताच्या हुकाला एक मायक्रोफोन टांगलेला होता आणि त्याचं तोंड स्पीकरकडं नव्हतं, आमच्याकडं होतं. मी जॉबर माणूस. चुकीचं बसवलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात. मी उठून तो फिरवायला गेलो. कोपऱ्यातून उस्मानभाई ओरडले, "ए जॉबर, बस खाली. माग न्हवं त्यो." उस्मानभाई फ्रिज दुरुस्त करायचे आणि सनईवर जीव टाकायचे. तेव्हापासून त्या घरात माझं नाव जॉबरच पडलं.

सर म्हणाले, "रेकॉर्ड दुकानात मिळती. ऐकणारा मिळत न्हाय. मी ऐकणाऱ्यांचं रेकॉर्डिंग करतोय."

सरांचं मोठं काम म्हणतात ते हेच, आणि सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर कुणी ते लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. शाळेत सरांनी किती मुलांच्या हातात ब्रश दिला हे त्यांचे विद्यार्थी सांगतीलच. पण दर रविवारी, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, एक रेकॉर्ड ऐकत असलेली खोली सरांनी जपून ठेवली. कुणाचं "वा", कुणाचा खोकला, मांडीवर पडलेली थाप, खुर्चीची करकर. प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर सर पेन्सिलीनं बैठकीचा नकाशा काढायचे: कोण कुठं बसलं, नावासह. रिकाम्या खुर्चीच्या जागी नुसतं वर्तुळ.

बैठकीत कलावंताचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. रेकॉर्डला नाव मिळायचं ते तिच्यावर जीव जडलेल्या ऐकणाऱ्याचं. त्यामुळं माझ्या आवडत्या रेकॉर्डींची यादी मला अशीच देता येते. पहिला, मोरे वकिलांचा मारवा. मारव्यात गवई षड्जाला, म्हणजे मूळ 'सा'ला, टाळत राहतो. घास घशात अडकावा तसं होतं. वकील तो षड्ज येईपर्यंत श्वास धरून बसायचे आणि आला की "अहाहा" म्हणायचे, पण फार हळू, कोर्टात साक्षीदारानं खरं बोलून टाकावं तसं. दुसरी, उस्मानभाईंची सनई. आलाप संपून लय धरली की भाई हमखास म्हणायचे, "आता गाडी घाटाला लागली." आणि तिसरी, सगळ्यांत वरची, माईंची भीमपलास. दुसऱ्या बाजूला, सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर, गायिका मध्यमावर येऊन थांबते. माई नेमक्या त्या वेळी चहाचा ट्रे घेऊन यायच्या. ट्रे टेकताना तीन बांगड्या वाजायच्या. मग सरांचा हात न बघता पुढं व्हायचा आणि कप त्या हातात यायचा. माझी निळ्या कव्हरची श्री पुढं 'जॉबरचा श्री' झाली. तसा मान मला कुठल्या शाळेनं दिला नसता.

सरांचा स्वभाव सांगायचा तर एक प्रसंग पुरे. एकदा सर मला भेटायला कबनूरला आले आणि थेट शेडमध्ये शिरले. चोवीस माग चालू. शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही असा आवाज. सर डोळे मिटून दहा मिनिटं उभे राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, "ह्यातलं तुला काय ऐकू येतं?" मी सांगितलं, नवव्या मागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारा, उजवीकडं उशिरा पोचतोय. सर तडक परतीच्या एस.टी.कडं निघाले. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं, की या खोलीतला सगळ्यांत नेमका कान जॉबरचा आहे. उस्मानभाई म्हणाले, "झालं. आता ह्येला दारातनं आत घेताना कान आधी घ्यावा लागतोय." मी त्या कौतुकावर कितीतरी वर्षं जगलो. आणि त्याच्याच जोरावर पुढं ते केलं, जे मला या ग्रंथात कबूल करायचं आहे.

काळ गेला. वकील गेले, उस्मानभाई गेले, आणि मग माई गेल्या. सर रविवारी कॅसेटी लावायला लागले. म्हणजे आम्ही दोघं-तिघं आत्ता बसलेले, आणि स्पीकरमधून तीच खोली, भरलेली. वकील "अहाहा" म्हणायचे आणि सर मान डोलवायचे. भीमपलासीत बांगड्या वाजल्या की सरांचा हात पुढं व्हायचा. समोर कुणी नसायचं. हात क्षणभर थांबून मांडीवर परत यायचा. नवीन आलेल्या माणसाच्या अंगावर काटा यायचा. आम्हाला सवय झाली होती.

पंचगंगेचं पाणी त्या घरात शिरलं तेव्हा कॅसेटींचं कपाट बुडालं. चिखलातून शाबूत अशा अकराच निघाल्या. मी त्या घरी नेल्या, उघडल्या, स्वच्छ पाण्यात धुतल्या, सावलीत वाळवल्या, नव्या खोक्यांत भरल्या. फीत इतकी सैल झाली होती, की एकदा वाजली की तिच्यावरचा तपकिरी थर पूड होऊन खाली पडायचा. प्रत्येक कॅसेट आयुष्यात एकदाच, शेवटची वाजणार होती. त्या एका वेळेला मी ती संगणकावर उतरवून घेतली. अकराच्या अकरा. एकही चुकली नाही.

आणि मग मी ती साफ केली.

चोवीस मागांच्या गोंगाटातून कामाचा तेवढा आवाज वेगळा काढणं ही माझी विद्या. संगणकावरचं तसलंच एक साधन मी स्वतः शिकलो होतो. ते एका आवाजाचे दोन भाग करतं: एकीकडं गाणं, दुसरीकडं बाकीचं. खोकला, करकर, पंखा, सगळं बाजूला. बाजूला काढलेल्या भागाच्या फोल्डरला मी नाव दिलं होतं 'कचरा'. कचऱ्यात चुकून एखादा सूर गेला नाही ना, हे मी कान लावून तपासायचो आणि मग तो पुसून टाकायचो. मूळ उतरवलेलंही पुसलं, कारण दोन प्रती ठेवल्या की घोटाळा होतो. तीन महिने खपलो. सरांच्या वाढदिवसाला पेनड्राइव्ह नेऊन दिला.

सरांनी माईंची भीमपलास लावली. काचेसारखी निघाली होती. सहा चाळीसला मध्यम आला आणि सरांचा हात पुढं झाला. बांगड्या वाजल्या नाहीत. हात तसाच राहिला. बाजू संपेपर्यंत तो तसाच होता.

मग सर म्हणाले, "लई स्वच्छ केलंस." हात मांडीवर घेत म्हणाले, "माणसं कुठं ठेवलीस?"

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. माईंचा या जगातला उरलासुरला आवाज मी कचरा म्हणून बाजूला काढला होता आणि माझ्याच हातानं पुसला होता. घरी परत येईपर्यंत रस्ता कसा गेला ते आठवत नाही. संगणक उघडला. सात कॅसेटींचा कचरा गेलेला होता, आणि त्यात भीमपलास होती. चार फायली मात्र फोल्डरमध्ये पडून होत्या. वाढदिवस गाठायच्या घाईत शेवटच्या चार मी न तपासता तशाच सोडल्या होत्या. आयुष्यात एकदाच कामात हयगय केली, आणि तेवढीच कामी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चार फायली घेऊन सरांकडं गेलो. म्हणालो, "सर, यात गाणं नाही. नुसता कचरा उरलाय. आणि अकरातल्या चारच आहेत."

"पहिलं कुठलं हाय?"

"मारवा. माझ्या येण्याच्या सहा वर्षं आधीचा."

सर उठले, खिडक्यांवर काळं कापड ओढलं, समई लावली. मी म्हटलं, "सर, गाणं नाहीये त्यात."

"मारवा हाय न्हवं? मग संध्याकाळ पायजे."

जे ऐकलं ते मी वहीत नोंदलं आहे तसंच लिहितो. गाणं जवळजवळ नव्हतं. खूप लांब, दोन भिंतींपलीकडं कुणीतरी गात असावं, तेवढंच. आणि पुढं, अगदी कानाशी, खोली. उस्मानभाईंचा खोकला. एक सुस्कारा. कुठलाच सूर नसताना वकिलांनी श्वास धरला आणि कुठलाच सूर नसताना हळूच म्हणाले, "अहाहा." सर हसले. तो षड्ज त्यांना ऐकू आला होता. मला नाही आला. माझा नेमका कान तिथं काही कामाचा नव्हता.

अकरा मिनिटं वीस सेकंदांवर पावलं आली. तीन बांगड्या. मग कप ठेवल्याचे आवाज. मी मोजले, पाच. मी त्या कॅसेटचा, सरांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा उलगडला, पुरातून वाचलेला, चिखलानं डागाळलेला. त्यावर नावं चार होती: सर, वकील, उस्मानभाई, माई. खिडकीजवळ नुसतं वर्तुळ.

मग माईंचा आवाज आला. गाण्याखाली तो आजवर कधी ऐकू आला नव्हता. "घ्या की, पावणं. गार हुईल."

उत्तर आलं नाही.

मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "ती दर रविवारी ठेवायची एक कप जास्त. मी म्हणायचो, अगं कुणासाठी? ती म्हणायची, जो अजून आला न्हाय त्येच्यासाठी. गेलेल्याला च्या लागत न्हाय."

यापुढचं मी ग्रंथाच्या समितीला विचारून लिहितो आहे. ती खिडकीजवळची वेताची खुर्ची. तिचा मागचा डावा पाय आखूड आहे. कुणी बसलं की आधी फरशीवर 'टक्' होतं आणि मग वेत लांब करकरतो. त्या घरातल्या दुसऱ्या कुठल्याही खुर्चीचा आवाज असा नाही. मी तिच्यात एवढी वर्षं बसलो आहे आणि आवाज ओळखणं हा माझा धंदा आहे. कॅसेटवर, माईंच्या बोलण्यानंतर चौथ्या सेकंदाला, टक् झालं आणि वेत करकरला.

मी ते तीनदा लावलं. तिन्ही वेळा चौथाच सेकंद. यावर मी काही मत देत नाही, नोंद केली आहे. सरांनी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई लवकर आलतास की रं."

सात रविवार मी पुसले, त्याबद्दल सर आपणहून आजवर कधी बोललेले नाहीत. एकदा मीच विषय काढला तर म्हणाले, "चार र्‍हायले की. एका बायकोचं एक वाक्य लई झालं, तसं ती एकच वाक्य हजारदा बोलायची." एवढं म्हणून हसले आणि पुढची रेकॉर्ड पुसायला घेतली. माझ्याकडून झालेल्या नुकसानीपेक्षा ही माफी मला जड जाते, पण ती मी सांभाळून ठेवली आहे.

आता मी दारापाशी, माईंच्या स्टुलावर बसतो. चहा मीच करतो. खिडकीजवळची खुर्ची पुन्हा मोकळी आहे आणि नकाशावर तिथं पुन्हा वर्तुळ आहे. मायक्रोफोन जागच्या जागी, आमच्याकडं तोंड करून. मी आता काहीही साफ करत नाही. दर रविवारी बसलेल्यांपेक्षा एक कप जास्त भरतो, खिडकीत ठेवतो आणि म्हणतो, "घ्या की, पावणं. गार हुईल." मग मी आणि सर, दोघंही, चार सेकंद थांबतो.

सरांना पंचाहत्तर पुरी झाली. गुडघे कुरकुर करतात, कान शाबूत आहेत. त्यांना निरोगी आयुष्य लाभो, आणि ते मोजायला माझी वही अपुरी पडो. हा ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी, किंवा अजून जन्मायचंही असेल अशा कुणीतरी, एका रविवारी दहा वाजून पाच मिनिटांनी ते दार ढकलावं, अंधार पाहून बिचकावं, आणि त्या खुर्चीत बसावं. त्या दिवशी सर समोर असायलाच हवेत. खुर्चीचा आवाज ओळखीचा आहे की नाही, हे तेच सांगू शकतील.