पाचकोनी दांडा

कोणतंही हत्यार हातात आलं की मिस्त्री आधी त्याचा वास घ्यायचे. डोळे मिटून, नाकाशी धरून, जणू आंबा पिकलाय का ते बघताहेत. मग म्हणायचे, "ह्याका काम आसा." वासाचा आणि कामाचा संबंध काय, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं. त्यांचा आवाजच तसा होता.

पन्नासच्या दशकात घाटकोपरला माझ्या मेहुण्यांचं लॉऱ्यांचं गॅरेज होतं. मालवणकडचे मिस्त्री तिथले मुख्य कारागीर आणि मी स्टोअरकीपर. म्हणजे कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आणि कपाटात काय आहे ते मिस्त्रींच्या डोक्यात. बहिणीनं भरीला घातलं म्हणून मेहुण्यांनी मला ठेवून घेतलं होतं. माझं तिथे नेमकं काम काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला तर मुळीच नव्हतं.

एकदा मेहुण्यांनी लिलावात लष्कराच्या जुन्या हत्यारांची पेटी उचलली. सगळं गोटीपान्याचं सामान: नटावर बसणाऱ्या गोट्या, हात पोचत नाही तिथे पोचणारे दांडे, एका मापाला दुसरं जुळवणारे जोड. त्यातलं निम्मं कुणी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी लगेच विद्वत्ता पाजळली. एका जोडाला खेकड्याच्या नांगीसारखा उघडा जबडा होता. मी म्हणालो, "मोडलाय. भंगार."

पुढे एका लॉरीच्या पेट्रोलच्या पाइपाचा नट गळायला लागला. मध्ये पाइप, मग गोटी वरून घालणार कशी? ती नांगी बाजूनं शिरली आणि नट आवळून आली. मिस्त्री लॉरीखालच्या खड्ड्यातूनच ओरडले, "स्टोअरकीपर, भंगार परत घेवन जा!"

तेही चुकायचे. एक लांबलचक दांडा त्यांनी छातीठोकपणे आगबोटीचा ठरवला होता. तो आमच्याच जॅकचा निघाला. त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून फळीवर मांडली जायची. मिस्त्रींचा नियम असा की वर्षभरात ज्यानं काम केलं त्यालाच झेंडूचं फूल. बाकीच्यांना हळदकुंकू, बस. "ह्येना काय केल्यान वर्षभर?" असं ते प्रत्येकाबद्दल मोठ्यानं विचारायचे. मी प्रसादाचं ताट घेऊन उभा असायचो आणि त्या वेळी मला पेढे नीट लावायची फार घाई व्हायची.

वर्षागणिक पेटीतल्या एकेका वस्तूला काम सापडलं आणि फूल मिळालं. राहिला एकच दांडा. हातभर लांब, टोकाला पाच कोनांचं तोंड. पाच कोनांचा नट आमच्या एकाही गाडीला नव्हता. मिस्त्री आल्यागेल्या प्रत्येक लॉरीखाली तो घेऊन शिरायचे आणि तसेच परत यायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. यंदाची नवमी झाली की गावी जायचं ठरलं. चहा पिताना एकदा तो दांडा हातात घेऊन म्हणाले, "ह्येचा काम तेवढा कळाक व्हया होता रे." बस, तेवढंच.

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. दांड्याला काम नाही ना, मग काम तयार करू! मी एक मोठ्या डोक्याचा बोल्ट घेतला आणि दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवत असताना, कानशीनं त्याला पाच कोन पाडायला बसलो. जन्मात कानस धरली नव्हती. दोन बोल्ट वाया गेले आणि अंगठ्याची साल गेली. तिसऱ्याचे कोन मला तरी पाच वाटले. तो मी मेहुण्यांच्या लॉरीखाली एका पत्र्याला बसवला आणि नवमीच्या आदल्या दिवशी बोंब ठोकली, "मिस्त्री, पाचकोनी बोल्ट!"

मिस्त्री दांडा घेऊन खाली शिरले. एकदा फिरवला, बोल्ट जरासा हलला आणि दांडा सटकला. मग बोल्टवरून बोटं फिरवली. एकेक कोन चाचपून मोजला. मग लॉरीखालून हसण्याचा आणि खोकण्याचा एकच गदारोळ.

"मेल्या, ह्यो लष्कराचो नाय! ह्यो तुझो! एक कोन तुझ्या पोटासारखो वाटोळो आसा!"

"मिस्त्री, पण दांड्यानं काम तर केलं ना?"

"फूल कामाक आसता रे. मायेक नाय."

दुसऱ्या दिवशी दांडा फुलाविनाच राहिला. कानशीवर मात्र त्यांनी दोन फुलं ठेवली. एक तिचं रोजचं, दुसरं कशाचं ते बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

सगळ्यांना वाटलं, स्टोअरकीपरनं म्हाताऱ्यासाठी केवढं केलं. मीही तसंच वाटू दिलं. आज सांगतो, ते मी मिस्त्रींसाठी केलंच नव्हतं. दरवर्षी फळीवर एकटंच बिनफुलाचं पडलेलं ते लोखंड माझ्याच्यानं बघवत नव्हतं. का, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

मिस्त्री गावी गेले. मी कानस धरायला शिकलो; कोन अजून वाटोळेच येतात. पुढच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास ते वारल्याची बातमी आली आणि मेहुण्यांनी अर्धा दिवस गॅरेज बंद ठेवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाणीखात्याची माणसं आली. युद्धाच्या काळात आमच्या रस्त्यावर लष्कराची छावणी होती, तिचा जुना नळ त्यांना शोधायचा होता. आमच्या दारासमोरची लॉरी त्यांनी हलवायला लावली. खालची माती खरवडली तर लोखंडी झाकण निघालं. आम्ही इतकी वर्षं त्यावरच लॉऱ्या उभ्या करत होतो. झाकणावर एक बोल्ट, आणि त्याला पाच कोन.

त्यांचा पाना काही बसेना. मी धावत जाऊन दांडा आणला. तो असा बसला की जरा हलेना. वर आडवी मूठ लावून जोर केला, बोल्ट करकरला आणि फिरला.

मी तसाच आत पळालो, खड्ड्यापाशी वाकलो आणि ओरडलो, "मिस्त्री! गावला हो, गावला!"

लॉरीखालून नव्या मेकॅनिकनं तोंड बाहेर काढलं. "काय गावलं, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुझं चालू दे."