ठिपकेमामांचा बोल्ट

ठिपकेमामांना कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. सगळा रस्ता त्यांना ठिपकेमामाच म्हणायचा, आणि त्याला कारण होती मामींची नेलपॉलिशची बाटली. इंजिनातलं जुनं तेल काढून झालं की मामा तेलाच्या चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट परत लावायचे, पान्याने आवळायचे आणि त्यावर एक लाल ठिपका द्यायचे. अर्धा बोल्टच्या डोक्यावर, अर्धा शेजारच्या पत्र्यावर. ठिपका दिला म्हणजे काम झालं, आता तिथे कोणी पाना लावायचा नाही. पुढच्या खेपेला बोल्ट काढला की आधीचा ठिपका थिनरने स्वच्छ पुसायचा, मग नवा द्यायचा. मामी म्हणायच्या, "माझ्या नखांना कधी लागली नाही ती बाटली. लोकांच्या इंजिनांचे मात्र लाड चाललेत!"

त्यांच्या स्वयंपाकघराचं दार थेट गॅरेजात उघडायचं. त्यामुळे चहाला ग्रीसचा वास यायचा आणि ग्रीसला चहाचा. अलीकडे मामा चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "अगं, चहा कधी देतेस?" लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीला हे कळलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, पुरे आता. शटर ओढा आणि आराम करा." मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चहा विसरलो असेन, काम विसरलेलो नाही. ज्या दिवशी माझ्या हातून कामात चूक होईल, त्या दिवशी शटर मीच ओढीन!" रागाच्या भरात बोलून गेले खरे, पण तेव्हापासून प्रत्येक बोल्ट आवळताना त्यांना धाकधूक वाटायची. शटर ओढलं तर हा माणूस उरतो किती, हा प्रश्न मामींनाही पडायचा, पण त्या बोलायच्या नाहीत.

त्या सकाळी बॅटरी आपली टॅक्सी घेऊन आला. या टॅक्सीवाल्याचं बोलणं कधीच उतरत नाही, म्हणून तो बॅटरी. तेल बदलायचं होतं. मामांनी गाडी उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि पाठीवर सरकत आत गेले. बोल्टला पाना लावला. बोल्ट ढिम्म हलेना. पान्याला पाइप जोडून जोर लावला, तर कट्कन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. धड चेंबरमध्येच अडकलेलं, आणि तेलाचा थेंबही बाहेर नाही.

"कोणत्या गाढवाने आवळलंय हे?" मामा खालूनच ओरडले.

"मामा, तुमच्याशिवाय या गाडीला कोणाचा हात लागलेला नाही. बायकोची शपथ!"

"माझ्या हाताने आवळलेला बोल्ट असा तुटतो होय?"

मामा तडक समोरच्या टायरवाल्याकडे गेले. "बॅटरीच्या गाडीच्या बोल्टला तू पाना लावलास?" टायरवाल्याने हातातला टायर खाली ठेवला. "मी इंजिनाच्या वाटेला कशाला जाऊ, मामा? मला चाकंच डोईजड झालीत." तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मामा परत आले ते आणखीच चक्रावून.

मग त्यांनी काम हातात घेतलं आणि डोकं जरा निवलं. अडकलेल्या धडाच्या बरोबर मध्ये ड्रिलने बारीक भोक पाडलं. त्यातून तेलाची काळी धार लागली. ती थांबल्यावर उलट्या आट्यांचा पाना त्या भोकात ठोकून बसवला आणि हळूहळू फिरवला. धड मुकाट्याने बाहेर आलं. चेंबरचे आटे शाबूत होते. आतला चुरा वाहून जावा म्हणून मामांनी वरून थोडं नवं तेल सोडलं. हात कुठेही चुकला नव्हता. मामांना मनापासून बरं वाटलं.

नव्या बोल्टशी माप जुळवायला त्यांनी तुटलेलं डोकं फडक्याने पुसलं. त्यावर एक लाल ठिपका होता. त्याच्या शेजारी दुसरा. जरा पुढे तिसरा.

मामा बुचकळ्यात पडले. "बॅटरी, या रस्त्यावर दुसरा कोणी ठिपके देतो का रे?"

"दुसरा कोण देणार?" बॅटरी हसला. "मागच्या वेळी तेल बदललंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला थांबवलंत. म्हणालात, बोल्ट आवळायचा राहिलाय. मग काही दिवसांनी पुन्हा. मी म्हटलं, मामांचा आपल्या गाडीवर जीव आहे!"

मामा स्टुलावर बसले. आधीचा ठिपका तेव्हा दिसला असणारच. पण तो जुना, पुसायचा राहिलेला, असं समजून पुन्हा आवळलं असणार. समजत सगळं होतं, आठवत काहीच नव्हतं. दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसं त्यांना झालं, आणि ते घाबरले.

मामी दारात उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"बाटली पूर्वी वर्षभर पुरायची," मामी म्हणाल्या. "आता बघता बघता रिकामी होते. मी तोच रंग आणून ठेवत होते."

"बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक, आवळून आवळून तुटतं ते? मला वाटलं, सैल राहण्यापेक्षा बरं."

मामा उठले आणि शटर ओढायचा आकडा त्यांनी हातात घेतला.

"अहो मामा, गाडी माझी!" बॅटरीचा आवाज चिरकला.

"ती आधी पुरी करा," मामी म्हणाल्या.

"आणि आवळलं की नाही, ते मला कोण सांगणार?"

मामींनी फळीवरची बाटली उचलली आणि पदराने पुसली. "मी सांगेन."

मामा पुन्हा गाडीखाली गेले. नवा वॉशर, नवा बोल्ट. आधी बोटांनी बसवला, मग पान्याने आवळला, हवा तेवढाच. मामी गुडघ्यांवर बसल्या, कण्हत वाकल्या, हात आत घालून त्यांनी ठिपका दिला. तो जरा वेडावाकडाच आला. मामांनी वरून नवं तेल भरलं, हात पुसले, बॅटरीची दोन वाक्यं ऐकली. मग पाना उचलून ते परत गाडीखाली सरकू लागले.

मामी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पान्यावर हात ठेवला.

मामांनी आत डोकावून पाहिलं. "हा ठिपका कोणी दिला?"

"मी दिला."

"मग झालं असेल," मामा म्हणाले आणि त्यांनी पाना मामींच्या हातात दिला.