सासऱ्यांची कवळी आणि शिकणारी मोटरसायकल

चंद्रपूरहून अहेरीला निघताना मी पेट्रोल भरलं नाही. पंप समोर होता, रांग नव्हती. पण नव्या मोटरसायकलचा पडदा सांगत होता की आहे तेवढ्यात अहेरी येऊन वर वीस किलोमीटर उरतील, आणि मी पडद्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

खिशातल्या डबीत सासऱ्यांची कवळी होती, चंद्रपुरात दुरुस्त करून घेतलेली. अहेरीला सासुरवाडीत त्या दिवशी नव्या धानाचं जेवण होतं, सोबत मटण. घरातल्या मोठ्याने पहिला घास घेतल्याशिवाय तिथं कोणी ताटाला हात लावत नाही. म्हणजे दुपारच्या आत दात पोचायला हवे होते.

गाडी घेतली तेव्हा गॅरेजचे मिस्त्री सलीमभाई म्हणाले होते, "हे इंजिन तुमचा हात पाहून शिकते. पेट्रोल किती सोडायचं ते स्वतःच ठरवते. आरामशीर चालवा."

मी तिला काटकसर शिकवायला घेतली. बल्लारपूरनंतर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि पुढे जाऊन काळजीने मागे वळून पाहिलं. पण पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा चक्क वाढत गेला. गाडी पेट्रोल बनवते आहे, असं मला मनापासून वाटलं. गोंडपिपरीच्या पंपाकडे बघून मी हसलोसुद्धा.

आष्टीचा पूल ओलांडून चहाला थांबलो, तोच बायकोचा फोन.

"कुठी पोचले? बाबा पाटावर बसून राह्यले."

"गाडी शिकून राह्यली," मी म्हणालो.

"अन् आमी उपाशी बसून राह्यलो."

मग मात्र मी वेगाची मूठ पिळली. गाडी हाही धडा लगेच शिकली. जंगलात शिरताच आकडा घसरू लागला. चाळीस, बावीस, नऊ. मग नुसत्या तीन रेघा, गाडी बंद, आणि दोन्ही बाजूंना साग.

बऱ्याच वेळाने बांदीतून (धानाच्या शेतातून) परतणारे एक शेतकरी जुन्या मोटरसायकलवर आले.

"काऊन थांबले, भाऊ?"

मी त्यांना पडदा, सरासरी, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डिक्कीतून बांबूची काडी काढली आणि माझ्या टाकीत बुडवली. काडी कोरडीच वर आली.

"आमी रोज सकाळी काडी टाकून पायतो. काडी काई शिकत नाई."

त्यांनी आपल्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढलं, बाटलीत धरलं आणि ते थुंकले. "एवढी घाई काय हाये?"

"सासऱ्यांचे दात घेऊन चाललोय."

त्यांनी आणखी अर्धी बाटली काढून दिली.

उरलेल्या वाटेत एवढं कळलं की गाडीची काही चूक नव्हती. ती माझ्याकडून शिकत होती, आणि शिकवायला माझ्याजवळ तेवढंच होतं.

अहेरीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. अंगणात वीस माणसं गार ताटांपुढे बसलेली. सासऱ्यांनी डबी घेतली, कवळी धुतली, बसवली, मटणाचा तुकडा सावकाश चावून गिळला. वीस हात ताटांकडे गेले. मग ते माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, दात तर आणले तुमी. आता तुमच्यासाठी अक्कल आणाले कोणाले धाडू?"