ताईंचं वाटप

"वहिनी गेली." परळच्या शाळेत मधल्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. मी विचारलं, "कुठे? मला काही बोलल्या नाहीत." पलीकडे तो रडत होता... सहा आठवडे झाले, तो प्रश्न अजून माझा मलाच ऐकू येतो. शुभाताई, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा यायचा तो संशयच.

मी साताऱ्याची. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा घरात विधवा ताई आणि माझा नवरा, एवढी दोनच माणसं. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, खोली अजून वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर, आणि आईने निघताना बजावलेलं, "कागदांवर लक्ष ठेव." ताईंनी कपाट उघडलं की माझे कान टवकारायचे. महिनाभरातच एका संध्याकाळी त्या गॅलरीत वरळीच्या बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलताना ऐकलं, "उद्या सकाळीच वाटप करतंय. हिका सांगा नको."

वाटप! मी तडक कपाटातली कागदांची पिशवी काढून माझ्या बॅगेत साड्यांखाली दडवली. नवऱ्याला सांगितलं नाही. तो वहिनीच्या शब्दाबाहेर नव्हता. सकाळी स्वयंपाकघरात गेले ती भांडायलाच. "वाटप करायचं तर आमच्यासमोर करा, ताई. खोलीत आमचाही हिस्सा आहे."

ताईंच्या हातात झारा, कढईत कांदा-खोबरं तांबूस भाजलेलं. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या वाटप गो... कोंबडीचा. आज तुझो वाढदिवस मा?"

आमच्याकडे त्याला वाटण म्हणतात. मी पिशवी आणून मुकाट्याने कपाटात ठेवली. त्यांनी ते पाहिलं. दुपारी पहिलं ताट मात्र माझं वाढलं.

मी मराठी शिकवते. माफी मागणं जमेना, म्हणून कोश उघडून बसले. हिस्से करणारं वाटणं ‘वण्ट्’ धातूवरून आलेलं. दगडावर बारीक करणारं वाटणं ‘वृत्’वरून, म्हणजे फिरण्यावरून. मुळात परके असलेले दोन शब्द बोलण्यात झिजत झिजत सारखे झाले. हे सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मगे तुझी काय चूक?" एवढंच म्हणाल्या. ही क्षमा होती की टोमणा, हे मी सात वर्षं अजमावत राहिले...

तेराव्याला वरळीची बहीण शेजारी येऊन बसली. "वाटपावरून तुला आलेला संशय अगदीच चुकीचा नव्हता. खोली स्वतःच्या नावावर करून घे म्हणून मी तिच्या मागे लागले होते. त्या फोनवरसुद्धा. तिने ऐकलं नाही. तुझ्या वाढदिवसाचं काढून विषय बदलला."

"मला कधी बोलल्या नाहीत."

"तुला कळलं तर तू पुन्हा माझं तोंड बघणार नाहीस, असं मला म्हणायची."

गेल्या आठवड्यात फ्रीजर साफ करताना मागे स्टीलचा डबा सापडला. ताईंच्या हातचं शेवटचं वाटप. नवरा म्हणाला, "रविवारी करूया?" मी डबा होता तिथे ठेवला. त्याने गुपचूप काढला तर नाही ना, हे आता रोज दार उघडून बघते.