लाल फ्रिजचं कव्हर

लग्नाआधी लातुरात कव्हर हा शब्द मला दोनच ठिकाणी भेटायचा. शाळा सुरू होताना वह्यापुस्तकांना घालायचं खाकी कव्हर, आणि क्लासच्या सरांचं ‘आज हा धडा कव्हर करून टाकू’. नांदेडला सासरी आले आणि कळलं, की या शब्दातलं मला काहीच येत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकचं कव्हर आणि ते निघू नये म्हणून वर रबर. सासूबाई हदगावकडच्या. त्यांच्या लहानपणी उशीला गलेफ असायचा, गादीला खोळ. ते दोन्ही शब्द कव्हरनं कधीच गिळून टाकलेत. आमची देगलूरकडची भाजीवाली तर पिशवीलाच कवर म्हणते. ‘कवर आणलं का बाई?’ असं ती दरडावून विचारते.

घरातली कव्हरं सासूबाई स्वतः शिवायच्या, जुन्या साड्या फाडून. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, मी लाल फ्रिज घेईपर्यंत.

शाळेत नोकरी लागल्यावरची ती माझी पहिली मोठी खरेदी. नवरा म्हणत होता, राखाडी घेऊ, मळ दिसत नाही. मी हटून बसले. मला नवरीच्या शालूसारखा लालभडक फ्रिज हवा होता आणि शाळेतून दमून आल्यावर तो नुसता बघायचा होता. दुसऱ्या दिवशी घरी आले, तर फ्रिजनं जांभळ्या फुलांची विटकी साडी नेसलेली. खाली झालरसुद्धा.

मग आमची लढाई जुंपली. मी सकाळी कव्हर धुवायला काढायचे, संध्याकाळपर्यंत दुसरं चढलेलं असायचं.

“धूळ लई हाय माय इथं. रंग जाईल त्याचा,” सासूबाई म्हणायच्या.

“आत्याबाई, जाईपर्यंत दिसू तर द्या!”

“हाव, हाव,” म्हणायच्या आणि झालर सारखी करायच्या. मला इतका राग यायचा, की भांडी आपोआप जोरात वाजायची. नवऱ्याला मध्ये ओढलं, की तो तोंडावर पेपर धरायचा. तेही एक कव्हरच.

अशात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघणार त्या सकाळी मी गुपचूप फ्रिजचं कव्हर काढून ठेवलं. नव्या नजरेला तो दिसला, की जिंकलेच, असा माझा हिशेब.

दवाखान्यातून आल्या त्या सरळ मिक्सरपाशी थांबल्या. गुलाबी कापडावर हिरवा दोरा, शिवण वाकडीतिकडी.

“हे म्या शिवलं? अन् आलेगेले समदे बघून गेले? तू बोलली न्हाईस का गं?”

“मला वाटलं, तुम्हाला तशीच आवडतात.”

त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. डोळे चोळू नका म्हणून मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले आणि मीही हसत सुटले. त्याच दिवशी झाडून सगळी कव्हरं उतरली. डॉक्टरांनी मशीनवर बसायची परवानगी देईपर्यंत फ्रिज उघडा राहिला, आणि मी मोठ्या खुशीत होते.

परवानगी मिळाली तशा म्हणाल्या, “चल, कापड आणू.” दुकानात त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावले. एकेक कापड दारात नेऊन उजेडात धरलं. हे काळपट, ते फिकं. दुकानदार वैतागला. कापड कशासाठी चाललंय ते मला कळलं आणि माझं तोंड उतरलं. नवी साडी नेसवणार होत्या त्याला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा कव्हर चढलेलं होतं. आधी मला ते दिसलंच नाही. फ्रिज लालच होता. कापड थेट त्याच्याच रंगाचं, शिवण सरळ, झालर नाही.

“आता धूळ बी बसनार न्हाई, अन् तुला लाल बी दिसंल,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “मला तो काळपटच दिसायचा गं. म्हनलं, काय एवढं बघून राहिली ही त्याच्यात. पट्टी निघाली तवा समजलं.”

मी पर्स तशीच खांद्याला ठेवून त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि आम्ही दोघी फ्रिज बघत राहिलो.