इथं पाय कुनाचा पडनार?

मौलासाब गवंडी कुठलीही जागा बघायला आले की आधी चपला काढत. नव्या मालकाला वाटे, म्हातारा भूमीला मान देतोय. ते मात्र अनवाणी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालत, टाचेनं माती दाबून बघत आणि मग एकच विचारत, "इथं पाय कुनाचा पडनार?"

माझे चुलते शिवाप्पा यांनी येरमाळ्याच्या सडकेला लागून जागा घेतली, तेव्हा त्यांनाही हेच विचारलं गेलं. निजामाचं राज्य होतं. मी तालुक्याच्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीत आप्पांचे उर्दू अर्ज लिहून देत असे. विहिरीवरचा मळा विकून आप्पा तिथं धान्याची गुदामं बांधणार होते, भाड्यानं द्यायला. फसलं तर परत जायला मळा उरला नव्हता. प्रश्नाचं खरं उत्तर सोपं होतं : बैलाचा. आप्पा म्हणाले, "तहसीलदारसाहेबांचा."

मौलासाबांनी समजावलं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती उकरून मुरूम भरा, चोप द्या, पाणी सडकेकडं जाईल असा उतार ठेवा. एवढं आप्पांनी ऐकलं. मुरूम कुणाला दिसत नाही म्हणून कुरकुरले, पण ऐकलं. अडलं ते आवारातल्या वरच्या फरशीवर. त्यांना कचेरीच्या व्हरांड्यात असते तशी घासून चकचकीत केलेली शहाबादी हवी होती. तिच्यावर बैल उभा राहणार नाही, असं मौलासाब दोनदा म्हणाले. आप्पांनी दुसरा गवंडी आणला.

उद्घाटनाला तहसीलदार टांग्यातून आले. फाटकात घोडा घसरला आणि साहेबांची रूमी टोपी साहेबांच्या आधी आत गेली. मग त्यांनी उर्दूत लांबलचक भाषण केलं. ज्यांना ते कळलं नाही त्यांनी माना जास्त डोलावल्या. मौलासाब मागं उभे होते. ते हसले नाहीत, हे मी मुद्दाम पाहिलं.

आप्पांनी दोष घोड्याला दिला. पण आठवड्यानं लातूरकडचा एक अडत्या ज्वारीच्या भरल्या गाड्या घेऊन आला. सगळी गुदामं तोच घेणार होता. पहिल्याच गाडीचा डावा बैल, खुरांना लोखंडी पत्री ठोकलेला, फाटकात गुडघ्यावर आला. अडत्यानं त्याचा पाय चाचपला.

"चार दिस थांबतो, आप्पा. मग कळंबाला जागा बघून ठिवलीय म्या."

आप्पा दुपारभर फाटकात बसून राहिले. मग मला मौलासाबांकडं पाठवलं; काय सांगायचं ते सांगितलं नाही. मौलासाबांनीही विचारलं नाही. पिशवीत छिन्नी-हातोडा टाकला आणि निघाले.

फरशी त्यांनी उखडली नाही. गुळगुळीत झालेलं जातं खरबरीत व्हावं म्हणून बायका त्याला छिन्नीची टाकी लावून घेतात, तशी फाटकापासून गुदामाच्या दारापर्यंत एकेका फरशीला आडवी टाकी लावत ते तीन दिवस सरकत राहिले. दाढी दगडाच्या भुकटीनं आणखी पांढरी झाली. आप्पांना राहवलं नाही.

"चमक गेली की हो समदी, मौलासाब."

"बैल काय फरशीत तोंड बघाया येनार हाय व्हय, आप्पा?"

चौथ्या दिवशी आधी ते स्वतः अनवाणी चालून आले. मग अडत्याच्या त्याच बैलाचा कासरा धरला. बैल फाटकात थांबला, फरशी हुंगली आणि भरली गाडी ओढत आत गेला. आप्पांनी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. भुकटी गेली, म्हणाले.

पुढं राज्य बदललं, साहेब बदलले, गुदामं भाड्यानं चालूच राहिली. मौलासाब गेले तेव्हा आप्पांनी कबरीसाठी एक चांगली, घासलेली फरशी गाडीत घालून नेली. नाव तिथंच कोरून घेणार होते. मौलासाबांच्या मुलानं हात जोडले.

"अब्बा सांगून गेलेत, आप्पा. वर काय बी बसवू नका. तिथं पाय कुनाचाच पडनार न्हाय."

आप्पा चपला काढून थोडा वेळ त्या ओल्या मातीजवळ उभे राहिले. फरशी परत आणली आणि बैलांच्या हौदापुढं बसवली. बसवण्याआधी तिला टाकी लावून घेतली.